वृद्धांचे गंभीर आजारपण आणि उपचारांचा पूर्वविचार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



पुणतांबे ही चांगदेवांच्या समाधीची भूमी. योगसामर्थ्याच्या बळावर मृत्यूला वारंवार परतवीत चांगदेव चौदाशे वर्षे जगले, असे परंपरा सांगते. आणि अखेरीस गोदातीरी याच गावी त्यांनी समाधी घेतली, असेही तीच परंपरा सांगते. कथेतील वर्षांचा हिशेब इतिहासाच्या कसोटीवर तपासण्याचे कारण नाही. मृत्यूला परतवीत राहणे आणि एका क्षणी थांबणे, या दोन्ही गोष्टी एकाच पुरुषाच्या चरित्रात परंपरेने ठेवल्या, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

मृत्यूला थोपवून धरण्याचे सामर्थ्य आज योग्यांऐवजी रुग्णालयांकडे आले आहे. थांबलेले हृदय छाती दाबून व विजेचा झटका देऊन पुन्हा चालविता येते. श्वास थकला तर घशातून नळी घालून यंत्राने श्वास देता येतो. रक्तदाब औषधांच्या धारेवर टिकवता येतो. या विद्येने असंख्य माणसे घरी परतली आहेत, आणि त्याबद्दल कृतज्ञताच असली पाहिजे. परंतु मूळचा आजारच बरा होण्यापलीकडे गेलेला असतो, तेव्हा हीच साधने मनुष्याला बरे करीत नाहीत. त्याचे मरण लांबवितात. कोणत्या बाजूला काय आहे, हे ठरविण्याची वेळ बहुधा मध्यरात्री येते, आणि ती अशा माणसावर येते ज्याने या विषयाचा विचार कधीच केलेला नसतो.

प्रसंग कोणत्याही घरातला असू शकेल. ऐंशी उलटलेले बाबूजी. हृदय अशक्त झालेले, मूत्रपिंडे निम्मी निकामी, वर्षभरात तीनदा दवाखाना झालेला. रात्री दोन वाजता धाप वाढते. धाकटा मुलगा १०८ क्रमांकावर फोन करतो किंवा शेजाऱ्याची गाडी काढतो. शिर्डी, कोपरगाव, लोणी, जिथे लवकर पोहोचता येईल तिथे नेतात. अपघात विभागात पाच-दहा मिनिटांत डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "आजोबांचा श्वास पुरत नाही. नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावे लागेल. घ्यायचे का? इथे सही करा." मुलगा पुण्याच्या मोठ्या भावाला फोन लावतो. भाऊ म्हणतो, "काहीही करा, पण सगळे करा." श्रीरामपूरची बहीण रडत विचारते, "त्यांना त्रास तर होणार नाही ना?" काकाजी म्हणतात, "आता पुरे करा." आणि बाबूजींचे मत? ते शुद्धीत होते तोवर कोणी विचारले नाही; आता विचारून उपयोग नाही.

यातला विरोधाभास जैन कुटुंबात अधिक बोचरा आहे. श्रावकाचे तीन मनोरथ स्थानकात बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. परिग्रह कधी सुटेल, संयम कधी स्वीकारता येईल, आणि तिसरा, संलेखना-संथाऱ्यासह पंडितमरण कधी लाभेल. ज्या बाबूजींनी हा तिसरा मनोरथ चाळीस-पन्नास वर्षे रोज मनात धरला, त्यांच्याच मुलाला अपघात विभागाच्या दारात वडिलांची इच्छा ठाऊक नसते. मनोरथ सामायिकात राहिला. जेवणानंतरच्या बोलण्यात तो कधी आलाच नाही.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसविले, तेव्हा सारा समाज अस्वस्थ झाला. २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले, दुकाने बंद राहिली. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. मोर्चा योग्यच होता. पण त्या मोर्च्यात चाललेल्या किती जणांनी त्या रात्री घरी जाऊन आईला विचारले असेल, की "बाई, तुमचा श्वास कमी पडला तर यंत्र लावलेले तुम्हाला चालेल का?" न्यायालयापुढे मांडलेला हक्क घरात वापरला गेला नाही, तर त्या हक्काचे रक्षण अर्धेच झाले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संथारा हे व्रत आहे. ते जाणत्या, सावध मनुष्याने गुरूंच्या अनुज्ञेने, कषाय क्षीण करीत स्वीकारायचे असते. बेशुद्ध रुग्णाचा प्राणवायू काढून घेणे म्हणजे संथारा नव्हे, आणि दवाखान्याचा खर्च परवडत नाही म्हणून घेतलेल्या निर्णयाला ते पवित्र नाव देणे हा तर अपराधच होय. उपचारांचा पूर्वविचार ही व्यवहाराची, वैद्यकाची आणि कायद्याची गोष्ट आहे. मात्र तो विचार कोणत्या वृत्तीने करावा, हे परंपरेने फार सूक्ष्मपणे सांगून ठेवले आहे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग सांगितले, ते उपसर्ग, दुष्काळ, जरा आणि रोग. पण या सर्वांना एक अट घातली, की त्यावर प्रतीकार उरलेला नसावा. उपाय असेल तर उपाय करावा, हे त्यात गृहीतच आहे. तत्त्वार्थसूत्राने सल्लेखनेचे अतिचार सांगताना जीविताशंसा आणि मरणाशंसा या दोहोंना दोष मानले. जगण्याची हाव हा दोष, तसाच मरणाची घाई हाही दोष. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांत हे दोन्ही दोष एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले दिसतात. मोठ्या भावाचे "सगळे करा" आणि काकाजींचे "पुरे करा" ही दोन्ही वाक्ये बहुधा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भीतीतून निघतात. रुग्णाच्या मनातून नव्हे.

आचार्य शांतिसागर महाराजांचे उदाहरण ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. १९५५ साली कुंथलगिरी क्षेत्रावर त्यांनी सल्लेखना घेतली आणि सुमारे पाच आठवड्यांनी, १८ सप्टेंबर रोजी, देह ठेवला. दृष्टी मंदावली होती. चालताना जीव दिसत नाहीत, म्हणजे ईर्यासमिती पाळता येत नाही, हे त्यांचे कारण होते. त्यांनी वयाचा किंवा वेदनेचा दाखला दिला नाही. ज्या गोष्टीवाचून आपले जीवन आपले राहत नाही, ती गोष्ट कोणती, हे त्यांना नेमके ठाऊक होते. सामान्य संसारी मनुष्याच्या बाबतीत ती गोष्ट निराळी असेल. कोणाला नातवंडे ओळखता आली पाहिजेत, कोणाला स्वतःच्या हाताने घास घेता आला पाहिजे, कोणाला फक्त घरचा उंबरठा हवा. पण ती कोणती, हे त्या माणसाने सांगितल्यावाचून दुसऱ्याला कळत नाही.

विनोबांनीही ते सांगितले. समणसुत्तं या ग्रंथाच्या निमित्ताने सर्व जैन संप्रदायांना एका पाटावर बसविण्याची प्रेरणा देणारे विनोबा नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराने आजारी पडले. काही दिवसांनी त्यांनी औषध व अन्न थांबविले. अनेकांनी केलेल्या विनवण्यांनी त्यांचा निश्चय ढळला नाही. १५ नोव्हेंबरला, दीपावलीच्या दिवशी, ते गेले. त्यांच्या निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, त्यांची इच्छा काय होती याविषयी पवनारमध्ये कोणाच्याही मनात शंका नव्हती.

याच्या अगदी उलट टोकाला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या परिचारिकेवर रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे पोषण थांबवावे, अशी याचना सर्वोच्च न्यायालयाकडे केली. त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या परिचारिका व डॉक्टर म्हणाले, अरुणा जगली पाहिजे. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने परिचारिकांची बाजू मानली, आणि त्याच निकालात, कडक अटींवर, जीवनरक्षक उपचार थांबविण्याची वाट देशात प्रथमच उघडली. १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने अरुणाताईंचा अंत झाला. न्यायालयापुढचा एक मोठा प्रश्न हाच होता, की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? पंचविशीतल्या तरुणीने असे काही सांगून ठेवावे, ही अपेक्षा अन्यायाची होती. ऐंशीच्या घरातील, तीन गंभीर आजार अंगावर असलेल्या मनुष्याच्या बाबतीत मात्र तो प्रश्न अनुत्तरित राहिला, तर दोष परिस्थितीवर ढकलता येणार नाही.

अपघात विभागात नेमके काय घडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. तेथील डॉक्टर रुग्णाला प्रथमच पाहत असतात. बाबूजी गेल्या महिन्यापर्यंत शेतावर जात होते की सहा महिने अंथरुणाला खिळून होते, हे त्यांना ठाऊक नसते. हाती वेळ थोडा आणि माहिती त्याहून थोडी, अशा स्थितीत जीव वाचविण्याकडे झुकणे हाच त्यांचा धर्म आहे, आणि तो तसाच असावा. वय झाले म्हणून रुग्णाकडे पाठ फिरविणारा अपघात विभाग कोणालाच नको आहे. वृद्धांचे कित्येक तातडीचे आजार पूर्ण बरे होतात. साखर उतरून बेशुद्ध झालेली आजी ग्लुकोज देताच उठून बसते.

तरीही काही आकडे डोळ्यांसमोर असावेत. चित्रपटांत छाती दाबताच रुग्ण डोळे उघडतो. अमेरिकेत १९९२ ते २००५ या काळात रुग्णालयातच हृदय थांबून पुनरुज्जीवनाचा प्रयत्न झालेल्या, ६५ वर्षे व त्यापुढील रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील सुमारे १८ टक्के रुग्णच जिवंत रुग्णालयाबाहेर पडले. बोस्टनचे डॉ. केई ओउची व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तातडीच्या विभागात नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलेल्या ६५ वर्षांवरील रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णालयातच दगावले आणि जेमतेम चौथा हिस्सा तेथून सरळ घरी गेला. उरलेले दुसऱ्या कोणत्या तरी संस्थेत हलविले गेले. ही संपन्न देशातील, सुसज्ज रुग्णालयांतील स्थिती आहे. हे आकडे "लावू नका" असे सांगत नाहीत. चौघांतला एक तरी घरी जातो, म्हणून लावा, असेही कोणी म्हणू शकेल, आणि ते चूक नाही. मात्र विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला पैज कशावर आहे, हे ठाऊक असावे.

आता एका मराठी कुटुंबाची हकिकत. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसरातील उटी गावचे डॉ. आत्माराम गावंडे अमेरिकेतील ओहायो राज्यात मूत्ररोगशल्यज्ञ म्हणून स्थायिक झाले. उमरखेडचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय या घराण्याच्या दातृत्वाची साक्ष देते. त्यांचे वडील सीताराम शंभरी ओलांडूनही शेतीवाडीचा कारभार पाहत होते. आत्माराम यांच्या मज्जारज्जूत मात्र गाठ झाली. त्यांचे पुत्र डॉ. अतुल गावंडे हे नामांकित शल्यविशारद व लेखक. 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात त्यांनी वडिलांच्या अखेरच्या काळाचे निवेदन केले आहे. पिता-पुत्र दोघेही डॉक्टर, माताही डॉक्टर. तरी या विषयावर बोलायला तोंड उघडणे त्यांना सोपे गेले नाही. पण ते बोलले. यंत्र नको, यातना नकोत, घरी आणि आपल्या माणसांत राहायचे आहे, असे वडिलांनी स्पष्ट सांगितले.

घरी उपशामक सेवा चालू असताना एके सकाळी ते जागे होईनात. पत्नीने घाबरून रुग्णवाहिका बोलाविली. रुग्णालयात न्युमोनिया निघाला, प्राणवायू उतरलेला, आणि तोच प्रश्न पुढे आला, नळी घालून अतिदक्षता विभागात न्यायचे का? काय करावे, हे त्या माउलीला सुचेना. मुलांनी मात्र वडिलांचे शब्द आठवून नळीला नकार दिला. प्राणवायू व प्रतिजैविके चालू राहिली. पुढे जे घडले ते कोणाच्या तर्कात नव्हते. थोड्या वेळाने आत्माराम शुद्धीवर आले आणि घरी जायचे आहे म्हणाले. ते घरी आले. काही दिवसांनी, २०११ साली, घरच्यांच्या सहवासात त्यांचे देहावसान झाले.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्ष देण्याजोग्या आहेत. पूर्वविचार झालेला असूनही पत्नीने रुग्णवाहिका बोलाविली. माणसाचे मन तसेच असते, त्यात तिचा दोष नाही. आणि नळीला नकार म्हणजे उपचारांना नकार ठरला नाही. औषध चालू होते, काळजी चालू होती. तिकडे एखादे पत्रक दाखवून निर्णय झाला नाही. बोललेले शब्द मुलांच्या कानांत होते, म्हणून झाला.

कायदा कोठवर आला आहे? 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण हा जीवनाच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात, मान्यता दिली. पण तो दंडाधिकाऱ्यांपुढे साक्षांकित करण्याची अट इतकी जड होती की कागद कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सैल केली. आता सज्ञान व स्वस्थ मनाचा मनुष्य दोन साक्षीदारांसमक्ष, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाने असा निर्देश करू शकतो. आपण बोलू शकलो नाही तर कोणी बोलावे, त्यांची नावे त्यात असतात. तो केव्हाही लेखी रद्द करता येतो. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल आणि बरे होण्याची आशा नसेल, तेव्हा उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांचे मंडळ पाहते. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ पाहते. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे सांगितले आहे. निर्णय अमलात आणण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. निर्देश केलेला नसेल, तरी कुटुंबाच्या संमतीने याच मार्गाने जाता येते. विषारी सुई देऊन प्राण घेण्यास मात्र कायद्याने पूर्ण मज्जाव आहे.

या निर्देशाची प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यावी, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका अथवा पंचायतीच्या, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवावी, असे न्यायालयाने सांगितले. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचा निर्देश करून, तो सांभाळणारा अधिकारी कोठे आहे, असा पाठपुरावा केला आणि उच्च न्यायालयातही गेले. त्यातून मुंबई महापालिकेने असे अधिकारी नेमले. गोव्याने ३१ मे २०२४ रोजी या व्यवस्थेचा प्रारंभ केला, तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा निर्देश प्रथम नोंदविला. पुणतांब्याच्या ग्रामसभेने २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव करून सारा महाराष्ट्र हलविला होता. असा कागद ग्रामपंचायतीत कोणाकडे द्यायचा, हे विचारणे त्या गावाला अवघड जाऊ नये.

एवढे असूनही रात्रीच्या दोन वाजताच्या प्रसंगी हा कागद एकटा पुरेसा पडत नाही. दोन मंडळे, ४८ तास, दंडाधिकारी; आणि इकडे श्वासाला हातात दहा मिनिटे. कायद्याचा कागद अतिदक्षता विभागातील तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या दिवसासाठी आहे. पहिल्या दहा मिनिटांत उपयोगी पडतो तो एकच माणूस, ज्याला रुग्णाने आधी नेमले आहे आणि ज्याच्यापाशी तो मोकळेपणाने बोलला आहे. तो म्हणू शकतो, "डॉक्टर, बाबूजींना हृदयाचा जुना विकार आहे, हे कागद. गेल्या दिवाळीपासून ते अंथरुणावरच आहेत. औषध, प्राणवायू, मास्क सगळे द्या. पण बरे होऊन घरी जाण्याची आशा नसेल तर नळी नको, असे ते स्वतः म्हणालेले आहेत." किंवा त्याच्या अगदी उलट, "नातीचे लग्न महिन्यावर आहे. तोवर जे शक्य असेल ते सर्व करून पाहा, असे त्यांचे सांगणे आहे." दोन्ही उत्तरे सारखीच चांगली आहेत. डॉक्टरांच्या हातांना दिशा मिळते, आणि मुलाच्या मनावर आयुष्यभराचे ओझे राहत नाही.

निश्चित काही सांगता येत नसेल, तेव्हा डॉक्टरांशी मुदत ठरविता येते. यंत्र लावावे, दोन-तीन दिवस पाहावे, सुधारणा कशाला म्हणायचे ते आधी ठरवावे, आणि त्या दिवशी पुन्हा बसून बोलावे. ज्यांनी सागारी संथाऱ्याचे पच्चक्खाण ऐकले आहे, त्यांना अशी सशर्त भाषा नवी नाही. संकट टळले तर व्रत सुटले, न टळले तर चालू, अशी आगारासह प्रतिज्ञा करण्याचा विवेक परंपरेपाशी फार पूर्वीपासून आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये हृदय थांबल्यावर पुनरुज्जीवन करू नये अशा नोंदीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाशी वा त्याच्या माणसांशी बोलून ती नोंद करायची असते. म्हणून रुग्णालयात दाखल असताना, रुग्ण सावध असताना, डॉक्टरांनी हा विषय काढला तर "असे अशुभ बोलू नका" म्हणून त्यांना गप्प करू नये. बोस्टनच्या त्याच डॉ. ओउचींनी तातडीच्या विभागातच, रुग्ण स्थिरावल्यानंतर, काही मिनिटांचा असा संवाद करण्याची पद्धत घडविली आहे. म्हणजे तेथेही उशीर झालेला असतोच असे नाही.

घरच्या बोलण्यात सर्वांत मोठी अडचण लपवाछपवीची. "त्यांना सांगू नका, खचतील," असे मुले डॉक्टरांना दाराबाहेर सांगतात. आत बाबूजी पत्नीला सांगत असतात, "मुलांना कळू देऊ नकोस, मला सगळे समजले आहे." दोन्ही बाजूंनी प्रेमच असते, आणि दोन्ही बाजूंचे बोलणे राहून जाते. दुसरी अडचण, घरातील श्राविकेला कोणी विचारीतच नाही. पतीच्या उपचारांत ती रात्रंदिवस राबते, पण तिच्या स्वतःच्या आजारपणात निर्णय मुलगा, जावई, दीर घेतात. तिला विचारले तर ती पहिल्यांदा म्हणणार, "माझ्यावर खर्च करू नका." हे उत्तर तिची इच्छा समजून लिहून घेऊ नये. खर्चाची चिंता बाजूला काढल्यावर, नंतरच्या एखाद्या निवांत दुपारी, ती काय म्हणते ते ऐकावे. ज्या पूर्वविचारातून वृद्धाला आपण ओझे आहोत असे वाटू लागते, तो पूर्वविचार नव्हे.

आणखी एक गोष्ट फार घडते आणि तिच्याविषयी बोलले जात नाही. आशा संपली असे कळल्यावर कुटुंब "स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो" अशी सही करून रुग्णाला बाहेर काढते. घरी नेण्यात गैर काहीच नाही. अनेकांची तीच इच्छा असते. पण त्या सहीबरोबर प्राणवायू सुटतो, वेदनाशामक सुटते, धाप कमी करणारे औषध सुटते, आणि शेवटचे दोन दिवस समाधीऐवजी तडफडीत जातात. तीव्र वेदनेत णमोकार स्थिर राहत नाही. घरी न्यायचे ठरले तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून, धाप, वेदना, घरघर आणि बेचैनी यांसाठी काय द्यायचे ते लिहून घ्यावे. मॉर्फिनविषयी अनाठायी भीती आहे. मादक द्रव्यविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती करून वैद्यकीय उपयोगासाठी त्याची उपलब्धता सुकर केलेली आहे, आणि योग्य मात्रेत ते धाप व वेदना दोन्ही शमविते. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र, या संस्था हेच काम करीत आल्या आहेत. ग्रामीण भागात अशी सेवा तोकडी आहे. घरचे डॉक्टर आणि गावची परिचारिका यांच्याच आधाराने ती उभी करावी लागते.

धर्माचरणाच्या बारीकसारीक गोष्टीही आधी सांगून ठेवाव्या लागतात. रात्रीचा चौविहार असेल आणि नाकातील नळीने रात्री दूध घातले जात असेल, तर बोलू न शकणारा मनुष्य ते कोणाला सांगणार? कित्येक कॅप्सूलांची आवरणे प्राणिज जिलेटीनची असतात. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनवतात. कोणी आपद्धर्म म्हणून ते घेईल, कोणी पर्याय विचारील, कोणी नाकारील. निवड ज्याची त्याची, पण डॉक्टरांच्या कानावर ती असली पाहिजे. आणि अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे शेवटच्या तासाला कानाशी नवकार कोण म्हणणार, हेही ठरलेले असावे. भेटीची वेळ पाच मिनिटांची असते, तेथे एका माणसाला बसू देण्याची विनंती शांतपणे, आधीच करून ठेवावी लागते.

हे सारे लिहिण्यास मुद्रांकाचा कागद लागत नाही. वहीचे एक पान पुरे. आजारांची व चालू औषधांची नावे, घरच्या डॉक्टरांचा दूरध्वनी, बोलण्याचा अधिकार कोणाला आणि तो नसेल तर कोणाला, काय झालेले चालेल, काय मुळीच चालणार नाही, घर की दवाखाना, आणि नियम-पच्चक्खाणे. खाली तारीख आणि सही. दर पर्युषणात, क्षमापनेच्या वेळी सारे कुटुंब एकत्र असतेच. तेव्हा ते पान काढून पुन्हा वाचावे, कारण माणसाचे मन बदलते, आणि आजारपणात तर फार बदलते. मोठ्या भावाने, बहिणीने, काकाजींनी ते त्या वेळी ऐकलेले असले की रात्री दोनच्या फोनवर वाद होत नाही. पान तिजोरीत ठेवू नये. तिजोरीची किल्ली नेमकी बाबूजींच्या कमरेला असते. ते औषधांच्या डब्यात, दवाखान्याच्या फाइलीच्या पहिल्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे १०८ च्या गाडीत फाइल चढली की तेही बरोबर चढेल.